द्राक्षबागेतील फवारणीचा गाडा: जॉयस्टिक सोडल्यावर अर्धा सेकंद उशीर का होतो?

द्राक्षमळा

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. औषधाचे तुषार अंगावर घेत ओळींमधून ट्रॅक्टर चालवण्याचे काम माझ्या वडिलांनी तीस वर्षे केले. ते त्यांना यापुढे करावे लागू नये, या एका कारणासाठी मी गेल्या उन्हाळ्यात बॅटरीवर चालणारा आणि रिमोटने हाकता येणारा फवारणीचा गाडा तयार केला. त्यावर २०० लिटरची टाकी आणि छोटा ब्लोअर आहे. दोन ओळींमधील अंतर नऊ फूट आणि गाड्याची रुंदी चार फूट असल्यामुळे दोन्ही बाजूंना जेमतेम अडीच फूट जागा उरते. गाडा सेकंदाला साधारण एक मीटर, म्हणजे माणसाच्या संथ चालीने जातो.

रिमोट आणि गाडा या दोन्हींत ८६५ मेगाहर्ट्झचे एसएक्स१२७६ हे लोरा मॉड्यूल (कमी ऊर्जेत दूरवर पोहोचणारा रेडिओ) आहे. स्प्रेडिंग फॅक्टर (हा वाढवला की रेंज वाढते, पण वेग घटतो) ९, बँडविड्थ (सिग्नलने व्यापलेल्या पट्ट्याची रुंदी) १२५ किलोहर्ट्झ आणि पॅकेट १० बाइटचे ठेवले आहे. रिमोटमध्ये एकच १८६५० लिथियम सेल असल्याने तो वाचावा म्हणून रिमोट दर ३०० मिलिसेकंदांनी एक पॅकेट पाठवतो. बाग दीडशे मीटर लांब आहे आणि रेंजबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

तक्रार उशिराची आहे. जॉयस्टिक सोडल्यावर गाडा अर्धा सेकंद तसाच पुढे जातो, कधी त्याहून कमी, कधी जास्त. गेल्या आठवड्यात ओळीच्या टोकाला वळताना मांडवाला ताण देणाऱ्या लोखंडी अँगलला त्याचे पुढचे चाक धडकले आणि तार सैल झाली. अँगलऐवजी तिथे माणूस असता तर काय, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही. हा उशीर १०० मिलिसेकंदांच्या आत आणायचा आहे आणि रिमोटचा सेल फवारणीचे आठ दिवस टिकवायचा आहे. सध्या तो दोन दिवसांत उतरतो. दोन्ही गोष्टी एकत्र साधतील का?

तरंगलांबी

आपण दिलेल्या आकड्यांतच उत्तराचा मोठा भाग आहे. स्प्रेडिंग फॅक्टर ९ आणि बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झ असताना लोराचे एक चिन्ह (सिम्बॉल) हवेत जायला ४.०९६ मिलिसेकंद लागतात. नेहमीच्या प्रिअँबलची (पॅकेटच्या सुरुवातीच्या इशाऱ्याची) सव्वाबारा चिन्हे आणि १० बाइटच्या पॅकेटची २३ चिन्हे मिळून सव्वापस्तीस चिन्हे होतात, म्हणजे १४४ मिलिसेकंद. शेवटचा बिट पोहोचून सीआरसी (चूक ओळखणारा आकडा) तपासल्याशिवाय रिसीव्हर त्या पॅकेटवर विश्वास ठेवू शकत नाही, त्यामुळे यातले काहीही वाचवता येत नाही. शिवाय पॅकेट निघून गेल्यानंतर लगेच तुम्ही जॉयस्टिक सोडली, तर पुढच्या पॅकेटची वेळ येईपर्यंत आणखी ३०० मिलिसेकंद थांबावे लागते. दोन्ही मिळून ४४४ मिलिसेकंद होतात, आणि एक मीटर वेगाला तेवढ्यात गाडा दीड फूट पुढे गेलेला असतो.

लोरा हे तंत्र दूरवर थोडीशी माहिती नेण्यासाठी आहे. वेळ खर्च करून ते संवेदनशीलता (क्षीण सिग्नल ऐकण्याची क्षमता) विकत घेते. तेच पॅकेट स्प्रेडिंग फॅक्टर ७ वर ४१ मिलिसेकंदांत जाते, तर १२ वर त्याला ९९१ मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ पूर्ण सेकंद लागतो. बँडविड्थ ५०० किलोहर्ट्झ केली तर वेळ चौपट कमी होईल हे खरे आहे, पण आपल्याकडे या पट्ट्यात विनापरवाना वापरासाठी २०० किलोहर्ट्झची मर्यादा घातलेली आहे, तेव्हा तो मार्ग बंद समजावा.

मात्र नवीन मॉड्यूल घेण्याची गरज नाही. एसएक्स१२७६ मध्ये लोराखेरीज साधा एफएसके मोडही (वारंवारता किंचित वर-खाली करून बिट पाठवण्याची पद्धत) आहे. सेकंदाला ५० किलोबिट वेग आणि २५ किलोहर्ट्झ विचलन ठेवले तर सिग्नल सुमारे १०० किलोहर्ट्झमध्ये बसतो. ५ बाइट प्रिअँबल, ४ बाइट सिंक (पॅकेट ओळखण्याची खूण), १ बाइट लांबी, ६ बाइट मजकूर आणि २ बाइट सीआरसी असे १८ बाइट, म्हणजे १४४ बिट, २.९ मिलिसेकंदांत पोहोचतात. याची किंमत म्हणून सुमारे २० डेसिबेल संवेदनशीलता जाईल आणि मोकळ्या जागेत रेंज एकदशांशावर येईल. आपल्याला दीडशे मीटरच हवे आहेत, त्यामुळे हा सौदा परवडेल असे मला वाटते. फक्त पानांचा दाट पडदा असताना, पाने ओली असताना त्याची चाचणी घ्यावी.

सोल्डरची_तार

तरंगलांबी यांचा हिशोब अचूक आहे, पण काही बदलण्याआधी मोजा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वायरलेसचा उशीर शोधताना मी स्वतः एकदा आठवडाभर रेडिओच्या रजिस्टरांत डोके घालून बसलो होतो. शेवटी कळले की लॅपटॉपला जोडलेल्या यूएसबी-सिरीयल चिपचा १६ मिलिसेकंदांचा मूळ टायमर माझ्या प्रत्येक मोजमापात मिसळत होता. ड्रायव्हरमध्ये तो १ मिलिसेकंद केल्यावर अर्धे कोडे तिथेच सुटले.

ऑसिलोस्कोप नसला तरी चालेल. रिमोटवर एक एलईडी लावा आणि जॉयस्टिक मध्यावरून हलताच किंवा मध्यावर परत येताच तो बदलेल असे करा. गाड्यावर दुसरा एलईडी लावा, तो योग्य पॅकेट वाचल्यावर बदलेल. चाकावर खडूने रेघ मारा. या तिन्ही गोष्टी एका चौकटीत येतील असा फोन ठेवून सेकंदाला २४० फ्रेमचे स्लो मोशन चित्रण करा आणि फ्रेम मोजा. एक फ्रेम ४.२ मिलिसेकंदांची असते. किमान पन्नास वेळा मोजा आणि सरासरी काढण्याऐवजी सर्वांत वाईट आकडा लिहून ठेवा, कारण अँगलला चाक धडकते ते त्या सर्वांत वाईट वेळी.

द्राक्षमळा

सोल्डरची_तार दादा, तुम्ही सांगितले तसे काल संध्याकाळी मोजले. रिमोटच्या एलईडीपासून गाड्याच्या एलईडीपर्यंत कमीत कमी ३५ आणि जास्तीत जास्त ११४ फ्रेम लागल्या, म्हणजे साधारण १४६ ते ४७५ मिलिसेकंद. ४४४ चा हिशोब इथे जवळपास जुळला. वरचे ३०-४० कुठून येतात ते शोधले, तेव्हा रिमोटवरचा सोळा बाय दोनचा एलसीडी डिस्प्ले सापडला. त्याच्या दोन्ही ओळी आयटूसी या दोन तारांच्या जोडणीवरून पुन्हा लिहायला सुमारे ४० मिलिसेकंद लागतात आणि तेवढा वेळ प्रोग्राम तिथेच अडकून पडतो. बॅटरीचा आकडा दाखवण्यासाठी मी तो प्रत्येक फेरीत लिहीत होतो.

खरा धक्का पुढे बसला. गाड्याचा एलईडी बदलल्यानंतर खडूची रेघ थांबायला आणखी ५० फ्रेम लागत होत्या. मोटर कंट्रोलरमध्ये वेग हळूहळू उतरवण्याची सेटिंग २०० मिलिसेकंदांवर होती आणि ती मीच कधीतरी ठेवली होती. म्हणजे वाईट वेळी एकूण उशीर पाऊण सेकंदाच्या जवळ जात होता आणि त्यातला बराचसा हवेत नव्हताच.

दोन_चार_गीगा

एफएसकेकडे वळताना एक चूक टाळावी, म्हणून माझा अनुभव सांगते. कॉलेजच्या रोबोट स्पर्धेसाठी आम्ही एनआरएफ२४एल०१+ ही रेडिओ चिप वापरली होती. २.४ गीगाहर्ट्झवर सेकंदाला १ मेगाबिट वेगाने ६ बाइटचे पॅकेट अवघ्या १२१ मायक्रोसेकंदांत जाते, त्यामुळे उशिराचा प्रश्न येणारच नाही असे आम्हाला वाटले होते. प्रत्यक्षात रोबोट मधूनच क्षणभर ऐकेनासा होई आणि मग एकदम जुन्या आज्ञा पाळू लागे.

कारणे दोन निघाली. पहिले कारण म्हणजे पुन्हा पाठवण्याची सोय. आमच्या लायब्ररीत मुळातच १५ वेळा पुन्हा पाठवण्याची आणि दर दोन प्रयत्नांत दीड मिलिसेकंद थांबण्याची सेटिंग होती, आणि ६ बाइट हवे असताना पॅकेट पूर्ण ३२ बाइटचे जात होते. रेंजसाठी आम्ही वेगही २५० किलोबिटवर आणला होता. अशा वेळी एक प्रयत्न हवेत १.३ मिलिसेकंद घेतो. पोच आली नाही तर सोळा प्रयत्न मिळून सुमारे ४५ मिलिसेकंद प्रोसेसर एकाच पॅकेटला धरून बसतो. तोवर जॉयस्टिक दुसरीकडे गेलेली असते, आणि आपण मात्र जुनी आज्ञा पोहोचवण्यासाठी जिवाचे रान करत असतो.

दुसरे कारण रिसीव्हरमध्ये होते. त्या चिपमध्ये तीन पॅकेटांची रांग असते. आमचा प्रोग्राम एका फेरीत एकच पॅकेट उचलत असे, त्यामुळे तो नेहमी दोन पॅकेट मागे राही. रांग भरली की चिप नवे पॅकेट घेत नाही आणि जुनी तशीच ठेवते, म्हणजे आपल्याला हवे त्याच्या नेमके उलट घडते. रांग रिकामी होईपर्यंत वाचायचे आणि फक्त शेवटचे पॅकेट वापरायचे, एवढ्या बदलाने रोबोट ताळ्यावर आला. पुन्हा पाठवण्याचे प्रयत्नही आम्ही दोनवर आणले.

ज्यांना २.४ गीगाहर्ट्झच वापरायचे आहे त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. वायफायपासून दूर जाण्यासाठी या चिपला शंभराच्या पुढच्या चॅनलवर ठेवण्याचा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. चिप २५२५ मेगाहर्ट्झपर्यंत जाते हे खरे, पण आपल्याकडचा विनापरवाना पट्टा २४८३.५ ला संपतो. चॅनल ८३ च्या पुढे जाऊ नये.

पश्चप्रदाय

मी नियंत्रण प्रणाली शिकवतो, म्हणून या बाजूने थोडे लिहितो. ताईंनी सांगितलेल्या मुद्द्याच्या मुळाशी एक मोठा फरक आहे. फाइल पाठवताना प्रत्येक बाइट पोहोचला पाहिजे, मग उशीर झाला तरी चालतो. नियंत्रणात मात्र आताची आज्ञा मिळाली की आधीची निरुपयोगी होते. म्हणून हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवण्यापेक्षा ठरल्या वेळी ताजे पॅकेट पाठवणे केव्हाही चांगले. प्रत्येक पॅकेटमध्ये जॉयस्टिकची संपूर्ण स्थिती असावी. ‘आणखी पाच अंश डावीकडे’ अशी फरकाची आज्ञा देऊ नये, कारण मधले एक पॅकेट गळाले तर पुढचे सगळे चुकते.

उशिराची किंमत किती, याचा ढोबळ हिशोब सोपा आहे. ज्या वारंवारतेपर्यंत तुमचे नियंत्रण काम करते तिला उशिराने आणि ३६० ने गुणले की फेज मार्जिनमधून (यंत्र डोलू लागण्याआधी हाताशी असलेल्या राखीव अंशांतून) किती अंश गेले ते मिळते. ५ हर्ट्झचे नियंत्रण आणि २० मिलिसेकंदांचा उशीर असेल तर ३६ अंश जातात, आणि ४५ ते ६० अंशांच्या मार्जिनमधून एवढे गेले की यंत्र डोलू लागते. उशीर स्थिर असेल तर त्याची भरपाई गणिताने बरीचशी करता येते. आज १० आणि उद्या ६० मिलिसेकंद असा बदलता उशीर मात्र फार त्रास देतो. म्हणून मी सरासरी कमी करण्यापेक्षा वरची मर्यादा पक्की करण्याला अधिक महत्त्व देतो.

यातूनच रचनेचा एक निर्णय निघतो. पुढे कधी गाडा ओळीच्या मधोमध आपोआप चालवायचा विचार असेल, तर अंतर मोजणे, चाके वळवणे आणि मोटरचा वेग सांभाळणे हे सगळे गाड्यावरच्या प्रोसेसरमध्ये ठेवा. रेडिओवरून फक्त ‘या वेगाने चल’ आणि ‘थांब’ एवढेच जावे. रेडिओवरून वेगवान नियंत्रण करता येतच नाही असे नव्हे. २०१९ साली जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी कमी ऊर्जेच्या अनेक टप्प्यांच्या वायरलेस जाळ्यावरून उलटे लंबक (खालच्या टोकावर उभे तोललेले दांडे) तोलून दाखवले होते, आणि त्यात माहितीची देवाणघेवाण दर २० ते ५० मिलिसेकंदांनी होत होती. पण त्यासाठी जाळे आणि नियंत्रक एकत्र रचावे लागतात. शेतातल्या गाड्याला ते ओझे कशाला द्यायचे?

सुरक्षेबाबत दोन गोष्टींत तडजोड करू नका. गाडा चालू असताना १०० मिलिसेकंद एकही योग्य पॅकेट आले नाही, तर तो आपोआप थांबला पाहिजे आणि हे काम मुख्य प्रोग्रामवर न सोपवता स्वतंत्र टायमरकडे द्यावे. दुसरे म्हणजे गाड्यावर मोटरचा विद्युतपुरवठाच तोडणारे लाल मशरूम बटण हवे. त्याचा रेडिओशी काहीही संबंध नसावा.

मायक्रोअँपिअर

सेल आठ दिवस टिकण्याबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही. कमी ऊर्जा आणि कमी उशीर यांचे भांडण खरे तर ऐकणाऱ्याच्या बाजूला असते. पाठवणारा काम संपले की झोपू शकतो आणि हवे तेव्हा उठू शकतो. ऐकणाऱ्याला मात्र पॅकेट कधी येईल हे ठाऊक नसते, म्हणून त्याला जागे राहावे लागते किंवा ठराविक वेळाने उठून कानोसा घ्यावा लागतो, आणि मग त्या दोन उठण्यांमधले अंतर हाच उशीर होऊन बसतो. तुमच्या बाबतीत ऐकणारा गाडा आहे आणि त्याच्याकडे मोटर ओढणारी मोठी बॅटरी आहे. रिसीव्हरला लागणारे ११-१२ मिलिअँपिअर तिला जाणवणारही नाहीत. गाडा अखंड ऐकत राहू द्या, रिमोट झोपू द्या.

रिमोटचा हिशोब असा होतो. १३ डीबीएम (रेडिओच्या शक्तीचे एकक) शक्तीला एसएक्स१२७६ पाठवताना २९ मिलिअँपिअर घेतो. दर २० मिलिसेकंदांत २.९ मिलिसेकंद पाठवले तर सरासरी सव्वाचार मिलिअँपिअर होतात. पोच प्रत्येक पॅकेटला मागू नका, दहातून एकदा मागितली तरी रिमोटला जोडणी शाबूत असल्याचे कळते. जॉयस्टिक मध्यावर असेल आणि गाडा उभा असेल तेव्हा दर २०० मिलिसेकंदांनी पाठवले तरी पुरे. हलवताच इंटरप्टने (प्रोसेसरला तत्काळ उठवणाऱ्या संकेताने) जागे व्हा आणि त्याच क्षणी पाठवा. क्रिस्टल स्थिरावायला पाव मिलिसेकंदाच्या आसपास वेळ लागतो, तो आपल्या कामात नगण्य आहे.

आता तुमच्या बोर्डावरचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप) पाहा. एएमएस१११७ असेल तर तो स्वतःच्या पोटासाठी सुमारे ५ मिलिअँपिअर खातो, रिमोट झोपलेला असला तरी. म्हणजे रेडिओपेक्षा रेग्युलेटर महाग पडतो! त्याजागी एचटी७३३३ लावला तर ४ मायक्रोअँपिअरवर भागते. बोर्डावरचा सतत पेटणारा लाल एलईडीही काढून टाका.

हे भांडण उलट बाजूला असते, म्हणजे ऐकणारे यंत्र सौर सेलवर चालणारा एखादा पाण्याचा वाल्व असते, तर गोष्ट अवघड होती. तिथे दोघांची घड्याळे जुळवून ठरल्या क्षणी दोघांनी उठणे हाच उपाय उरतो. कारखान्यांत वापरले जाणारे वायरलेसहार्ट हे रेडिओ जाळ्याचे मानक २००७ पासून १० मिलिसेकंदांच्या ठरलेल्या खणांत असेच काम करते. २०११ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातून आलेल्या ग्लॉसी या पद्धतीत तर अनेक नोड (जाळ्यातले रेडिओ) तेच पॅकेट एकाच क्षणी पुढे पाठवतात आणि घड्याळे मायक्रोसेकंदाहून कमी फरकाने जुळतात. मार्ग शोधणे नाही, रांगेत थांबणे नाही, त्यामुळे अनेक टप्पे असूनही काही मिलिसेकंदांत सगळीकडे निरोप पोहोचतो.

द्राक्षमळा

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे कामाच्या गडबडीत गेले, पण गाडा आता बदलला आहे, त्याचे आकडे देतो.

एफएसके ५० किलोबिट, ६ बाइटचे पॅकेट, दर २० मिलिसेकंदांनी. डिस्प्ले फक्त गाडा उभा असतानाच लिहिला जातो. एका एलईडीपासून दुसऱ्यापर्यंत आता कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त ६ फ्रेम लागतात, म्हणजे २५ मिलिसेकंदांच्या आत आज्ञा पोहोचते. मोटर कंट्रोलरची उतरण मी उत्साहात ३० मिलिसेकंदांवर आणली होती. पण टाकी निम्मी भरलेली असताना गाडा थांबला की आतले पाणी उसळून पुढे येई आणि मागची चाके जमिनीवरून उचलली जात. अखेर ७० वर ठेवली. जॉयस्टिक सोडल्यापासून चाक थांबेपर्यंत सर्वांत वाईट आकडा ९६ मिलिसेकंद आहे.

पॅकेटमध्ये क्रमांक घातल्यामुळे गळालेली पॅकेटे मोजता येतात. पहाटे दव पडलेले असताना शेवटच्या तीन ओळींत एका ठरावीक जागी सलग चार पॅकेटे गळत होती. म्हणजे १०० मिलिसेकंदांच्या मर्यादेच्या अगदी काठावर. शक्ती वाढवूनही तिथे फरक पडेना.

तरंगलांबी

ती जागा बहुधा मांडवाच्या तारा आणि अँगल यांवरून परतलेल्या लहरींमुळे तयार झालेला मृत बिंदू असावा. मूळ आणि परतलेली लहर एकमेकींना खोडतात तिथे शक्ती वाढवून उपयोग होत नाही, कारण दोन्ही सारख्याच वाढतात. ८६६ मेगाहर्ट्झला तरंगलांबी साडेचौतीस सेंटिमीटर असते, म्हणून गाड्यावर पहिल्यापासून १७ सेंटिमीटरवर दुसरे मॉड्यूल आणि दुसरा अँटेना लावा. दोन्ही ऐकतील, ज्याचे पॅकेट आधी योग्य निघेल ते वापरा. दोघेही एकाच वेळी मृत बिंदूत सापडण्याची शक्यता बरीच कमी असते. वारंवारता बदलत राहण्याचा उपाय २.४ गीगाहर्ट्झवर चांगला चालतो, पण ८६५ च्या या अरुंद पट्ट्यात एक-दोन मेगाहर्ट्झ सरकून चित्र फारसे बदलत नाही.

द्राक्षमळा

दुसरा अँटेना लावला. त्याच जागी, तशाच दवात, चार पहाटे फेऱ्या मारल्या आणि सलग दोनपेक्षा जास्त पॅकेटे एकदाही गळाली नाहीत. रेग्युलेटर बदलल्यापासून सेल आजवर सहा दिवस चालला आहे आणि अजून ३.७ व्होल्ट दाखवतो. काल वडिलांनी बांधावर उभे राहून पहिल्यांदा स्वतः पूर्ण ओळ फवारली. ओळीच्या टोकाला त्यांनी जॉयस्टिक सोडली आणि गाडा अँगलपासून हातभर अलीकडे थांबला.